कवळीला अस्तर लावताना तोंड भाजू नये म्हणून

कवळी सैल झाली की बहुतेक घरांत आधी काही महिने चालढकलच होते. आजोबा बोलताना जिभेने ती सावरत राहतात, आजी भाकरी दुधात कुस्करून खाते, आणि घरात लग्न निघालं की मग डॉक्टरांची आठवण होते. तोवर लग्न चार दिवसांवर आलेलं असतं, म्हणून ‘आजच्या आज काय ते करून द्या’ असा आग्रहही होतो. त्याच बैठकीत करून मिळणारं एक काम आहे: कवळीच्या आतल्या बाजूला नवं अस्तर लावणं, म्हणजे रिलायनिंग. काम उपयोगाचं आहे आणि नव्या कवळीपेक्षा स्वस्तही पडतं. पण त्यासाठी वापरलं जाणारं काही मटेरियल तोंडात घट्ट होताना तापतं. कुणाला नुसती ऊब जाणवते, कुणाच्या हिरड्या भाजतात. ऊब की चटका, हे बरंचसं खुर्चीत बसण्याआधीच ठरलेलं असतं. कोणतं मटेरियल, किती जाडीचा थर आणि तो तोंडात किती वेळ, या तीन गोष्टी आधी विचारून घेतल्या तर चटका टाळता येतो.

कवळी सैल का होते

दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजू लागतं. पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात झीज सर्वांत वेगाने होते, पुढे ती हळूहळू आयुष्यभर चालू राहते. टाल्ग्रेन यांनी 25 वर्षांच्या निरीक्षणांवर 1972 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. खालचीच कवळी जास्त का हलते, याचं एक मोठं कारण हे. कवळी आहे तेवढीच राहते, खालचं हाड मात्र कमी होतं आणि मध्ये पोकळी पडते. ही पोकळी भरून काढणं हे अस्तराचं काम.

पोकळी किती आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट वेगळी आणि पाच-सात वर्षं दुर्लक्ष करून झालेली मोठी पोकळी वेगळी. पोकळी जेवढी मोठी, तेवढा थर जाड आणि तेवढी उष्णता जास्त. त्यामुळे अगदी ढिली झालेली कवळी घेऊन ‘तोंडातच लगेच करून द्या’ म्हणणं हेच सर्वांत जोखमीचं.

उष्णता येते कुठून

आपल्याकडच्या बहुतेक कवळ्या ऍक्रिलिकच्या असतात. डॉ. वॉल्टर राइट यांनी 1937 साली हे प्लास्टिक कवळीसाठी वापरात आणलं, आणि तोवरचं काळपट-तांबूस व्हल्कनाइट रबर हळूहळू मागे पडलं. अस्तरासाठी याच कुळातली पावडर आणि लिक्विड एकत्र करतात. दवाखान्यात याला ‘कोल्ड क्युअर’ म्हणतात. नावात ‘कोल्ड’ आहे ते बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही म्हणून. आतून मात्र ते चांगलंच तापतं.

पावडर म्हणजे आधीच तयार झालेल्या ऍक्रिलिकचे बारीक कण. त्यांच्यातून उष्णता निघत नाही. उष्णता निघते ती लिक्विडमधून. त्यातले सुटे रेणू एकमेकांना जोडून साखळ्या बनवतात आणि प्रत्येक जोडणीत थोडी उष्णता बाहेर पडते. म्हणून मिश्रण पातळ करण्यासाठी लिक्विड जास्त ओतलं की ते तापतंही जास्त आणि आकसतंही जास्त.

कपात ढवळताना मिश्रण आधी रवाळ दिसतं, मग त्याला तार सुटते, मग ते कणकेसारखं होतं, त्यानंतर रबरासारखं आणि शेवटी कडक. उष्णता या सगळ्या काळात सारखी वाटली जात नाही. सुरुवातीची काही मिनिटं जवळपास काहीच जाणवत नाही. मिश्रण घट्ट होऊ लागलं की आतल्या रेणूंची हालचाल अडते, जोडणीचा वेग एकदम वाढतो आणि तापमान थोड्या वेळात वर उसळतं. ‘आतापर्यंत काही झालं नाही, म्हणजे पुढेही होणार नाही’ हा समज म्हणूनच फसवा आहे. जपायचं असतं ते रबरासारख्या अवस्थेपासून पुढे.

हीच रसायनं गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत हाडांचं सिमेंट म्हणून वापरतात. त्या सिमेंटसाठी आयएसओ 5833 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या चाचणीत सुमारे 6 मिलिमीटर जाडीच्या चकतीचं तापमान 90 अंश सेल्सिअसपर्यंत गेलं तरी ते मान्य धरलं जातं. तोंडातला पातळ थर एवढा तापत नाही, कारण रक्तप्रवाह आणि लाळ उष्णता वाहून नेतात. पण जाडी वाढली तर हे मटेरियल कुठवर जाऊ शकतं, याचा अंदाज त्यावरून येतो.

‘एवढा कडक चहा पितो, मग याने काय होणार?’

हा प्रश्न रास्त आहे. चहा तोंडात टिकत नाही. घोट इकडून तिकडे फिरतो, लाळेत मिसळतो, गिळला जातो. अस्तर मात्र एकाच जागी हिरडीला चिकटून बसतं, आणि त्याच्यावर असलेली ऍक्रिलिकची कवळी उष्णता फारशी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे उष्णतेचा मोर्चा हिरडीकडेच वळतो.

भाजणं हे तापमान आणि वेळ या दोन्हींवर ठरतं. मोरित्झ आणि हेन्रिकेस यांनी 1947 साली त्वचेवर केलेले प्रयोग आजही आधाराला घेतले जातात: 44 अंशांना त्वचा खोल भाजायला सुमारे सहा तास लागतात, 60 अंशांना जेमतेम पाच सेकंद. हे आकडे हिरडीचे नाहीत, पण थोड्याशा अंशांनी किती फरक पडतो ते त्यातून कळतं. हाड आणखी नाजूक. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी 1983 साली सशांवर केलेल्या प्रयोगात 47 अंश तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा झाली. म्हातारपणी खालच्या जबड्यावरची हिरडी पातळ झालेली असते आणि हाड लगेच खाली लागतं, म्हणून तिथे जास्त जपायचं.

घाटावर वेगळं, घाटाखाली वेगळं

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय ऋतूशीही जोडलेला आहे. बुलढाणा शहर सुमारे 650 मीटर उंचीवर, त्यामुळे घाटावर हवा जरा बरी. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा 43-44 च्या पुढे जातो. दवाखान्याच्या कपाटातली बाटलीही त्याच हवेत असते. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे डिसेंबरात बुलढाण्यात ज्या मिश्रणाला डॉक्टरांना निवांत वेळ मिळतो, तेच मे महिन्यात दुपारी खामगावात भराभर आवळतं. कवळी नीट बसवायला, चावा जुळवायला आणि वेळेवर बाहेर काढायला कमी वेळ उरतो.

यावर उपाय साधे आहेत. उन्हाळ्यात वेळ घ्यायची तर सकाळची घ्यावी. एसी असलेल्या खोलीत काम होणार असेल तर उत्तम. बरेच डॉक्टर लिक्विड आणि काचेची पाटी आधी थंड करून ठेवतात. त्याने मिश्रण जरा हळू आवळतं आणि हाताशी वेळ राहतो. मात्र त्याने एकूण उष्णता नाहीशी होत नाही, म्हणून थंड लिक्विड वापरलं तरी कवळी वेळेवर काढावीच लागते. आणि निकड नसेल तर अस्तराचं काम लग्नसराईच्या तोंडावर न ठेवता हिवाळ्यातच उरकावं.

अस्तराचे प्रकार: कशात किती उष्णता

डॉक्टरांशी बोलताना पुढचे पाच पर्याय डोक्यात ठेवा.

1. कोल्ड क्युअर ऍक्रिलिक. स्वस्त, टणक, सगळीकडे मिळतं. लिक्विडमध्ये मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए असतं. वास उग्र, उष्णता सर्वांत जास्त, आणि न जोडलेलं राहिलेलं लिक्विड हिरडीला झोंबतं. थेट तोंडात वापरायचं तर थर पातळच हवा.

2. एमएमए नसलेलं कडक मटेरियल. खास तोंडात अस्तर लावण्यासाठी बनवलेलं. लिक्विडमधले रेणू मोठे असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनात जोडण्या कमी होतात आणि उष्णताही कमी निघते. किंमत जास्त. तोंडातच काम करायचं असेल तर हे आहे का, ते विचारा.

3. सिलिकॉनचं मऊ अस्तर. जाणवण्याजोगी उष्णता जवळपास नाही. हाड टोकदार किंवा हिरडी फार पातळ असेल तर उपयोगी. पण ते काही काळाने सुटू लागतं, त्यावर बुरशी धरू शकते, त्यामुळे स्वच्छता आणि तपासणी जास्त लागते.

4. टिश्यू कंडिशनर. सुजलेल्या, दुखावलेल्या हिरडीला काही दिवस आराम देण्यासाठी. पावडर द्रवात फुगून मऊ जेल बनतं. रेणू जोडण्याची क्रिया नसते, त्यामुळे ते तापत नाही. द्रवात अल्कोहोल असल्याने सुरुवातीला थोडं झोंबतं, एवढंच. हे तात्पुरतं असतं आणि काही दिवसांनी बदलावं लागतं.

5. लॅबमध्ये लावलेलं अस्तर. तुमच्या कवळीतच मऊ मटेरियल घालून माप घेतात आणि कवळी लॅबला पाठवतात. तिथे पात्रात बंद करून ते गरम पाण्यात शिजवतात, अनेकदा 74 अंशांना कित्येक तास. म्हणजे तापायचं ते तोंडाबाहेर तापतं. थर जाड लागणार असेल तर हाच मार्ग धरावा. अडचण एकच: कवळी नसताना एक-दोन दिवस काढावे लागतात. लॅब अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरची असेल तर आणखी एखादा दिवस धरून चाला.

जाण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

रक्तातली साखर, कोरडं तोंड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधी कधी ऍक्रिलिकची ऍलर्जी आली असेल तर ती, हे सगळं आधी सांगा. तोंड कोरडं असेल तर उष्णता वाहून नेणारी लाळच कमी असते. तंबाखू, गुटखा, सुपारीने तोंड कमी उघडत असेल किंवा तिखट सहन होत नसेल तर तेही लपवू नका. अशा हिरड्या आणि गाल आधीच नाजूक झालेले असतात, शिवाय तोंड कमी उघडत असेल तर घट्ट होत आलेली कवळी पटकन काढताही येत नाही.

नुकतेच दात काढले असतील आणि जखम भरली नसेल तर कडक, तापणारं मटेरियल तोंडात लावू नये. अर्धांगवायू झालेले, विस्मरण असलेले, बोलून सांगता न येणारे ज्येष्ठ असतील तर लॅबचा पर्यायच मागा. भाजतंय हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या तोंडात तापणारा थर ठेवणं योग्य नाही. आणि हिरडी बधिर करून अस्तर लावून घेऊ नका. बधिर हिरडी चटका सांगत नाही.

खुर्चीत बसल्यावर

नीट केलेल्या कामाचा क्रम साधारण असा असतो. डॉक्टर आधी कवळीच्या आतला थर मिलिमीटर-दोन मिलिमीटर घासून काढतात. त्याने नवं मटेरियल चिकटतं आणि थरही सारखा राहतो. जिथे हिरडीचा आकार कवळी अडकवून ठेवेल, ती जागा मोकळी करतात. मग हिरड्यांना आणि कवळीच्या बाहेरच्या भागाला व्हॅसलिन लावतात. व्हॅसलिन चिकटणं थांबवतं, उष्णता थांबवत नाही. मिश्रण योग्य घट्टपणाला आलं की कवळी बसवून दात हलके मिटायला सांगतात. जोर लावून चावू नका. थर एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड होतो.

मग येतो महत्त्वाचा टप्पा. मिश्रण रबरासारखं झालं की कवळी एक-दोनदा बाहेर काढून थंड पाण्याखाली धरली जाते, पुन्हा बसवली जाते, आणि पूर्ण कडक होण्याआधी कायमची बाहेर घेतली जाते. उरलेली क्रिया बाहेर, भांड्यातल्या पाण्यात पूर्ण होते. ते पाणी डॉक्टर मुद्दाम कोमट किंवा गरम घेतात, कारण त्याने मटेरियल पक्कं होतं आणि उरलेलं लिक्विडही कमी होतं. बाहेर काढण्यात उशीर झाला तर चटक्याबरोबर कवळी अडकण्याचाही धोका असतो.

कपात उरलेला गोळा बघून ‘अजून मऊ आहे’ असं समजू नये. तोंडात 37 अंश असतात, कपात खोलीचं तापमान. म्हणून तोंडातलं मटेरियल कपातल्यापेक्षा आधी घट्ट होऊ शकतं. पाकिटातल्या कागदावर दिलेली वेळ आणि घड्याळ, हाच खरा आधार.

तोंडात कवळी असताना बोलता येत नाही, म्हणून खूण आधी ठरवा: डावा हात वर केला की कवळी बाहेर. ऊब वाढत जाऊन टोचल्यासारखं किंवा झोंबल्यासारखं वाटलं की हात वर करा. ‘डॉक्टर काय म्हणतील’ म्हणून सोसत बसू नका. काम बिघडलं तर ते मटेरियल घासून पुन्हा लावता येतं. भाजलेली हिरडी भरून यायला आठवडा-दीड आठवडा जातो.

घरी आल्यावर

पहिली रात्र कवळी स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा. पूर्ण एक दिवस ठेवता आली तर आणखी चांगलं. उरलेलं लिक्विड पाण्यात निघून जातं. उकळतं पाणी वापरू नका, कवळी वाकडी होते. पहिले दोन दिवस मऊ खा: वरणात कुस्करलेली पोळी, खिचडी. शेगावची कचोरी आणि मिरचीचा ठेचा जरा लांब ठेवा.

नंतर दुखलं तर कशाने दुखतंय हे ओळखता येतं. भाजलं असेल तर ते अस्तर लावतानाच जाणवतं, आणि नंतर त्या जागी लाल किंवा पांढुरकी पापुद्र्याची जागा दिसते. कवळी टोचत असेल तर एक-दोन दिवसांनी ठरावीक ठिकाणी छोटा फोड येतो आणि चावताना दुखतो. तेवढी जागा घासून घेतली की थांबतं. ऍलर्जी असेल तर काही तासांनी किंवा दिवसांनी कवळी टेकते तिथे सगळीकडे लाली आणि आग होते, कवळी काढली की कमी होते, घातली की परत येते.

भाजलंच तर लगेच थंड पाण्याच्या चुळा भरा. बर्फ थेट लावू नका. कवळी निदान एक दिवस काढून ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. लवंगाचं तेल, चुना, टूथपेस्ट, तंबाखूची मिश्री यांपैकी काहीही लावू नका. लवंगाचं तेल स्वतःच नाजूक त्वचेला भाजतं. वरवरचा चटका साधारण सात ते दहा दिवसांत भरतो. खूप फोड आले, गिळता येत नसेल, सूज वाढली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि कोणतंही कारण असो, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम दाखवलीच पाहिजे. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही उशीर करू नये, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला अशाच न दुखणाऱ्या जखमेसारखा दिसू शकतो.

स्वस्तातले मार्ग महाग पडतात

ऑनलाइन मिळणारे घरगुती अस्तराचे संच आणि गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे मणी वापरू नका. हे मणी सुमारे 60 अंशांना मऊ होतात, म्हणजे तोंडात घालतानाच चटक्याची सोय. शिवाय थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो आणि एका बाजूला दाब येऊन हाड आणखी झिजतं. फेविक्विकसारखा डिंक तर कवळीच्या आत अजिबात नको.

बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला ‘पाच मिनिटांत कवळी घट्ट’ करून देणाऱ्यांपासूनही दूर राहा. कायद्यानुसार रुग्णावर दंतोपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत दंतवैद्यालाच आहे. कवळी बनवणारा किंवा दुरुस्त करणारा डेंटल मेकॅनिक लॅबमध्ये उत्तम काम करतो, पण तोंडात मटेरियल लावणं त्याचं काम नाही. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात दंत विभाग आहे का ते आधी विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कवळीचाही समावेश आहे. तालुक्याला शिबिर लागलं की चौकशी करा.

अस्तर कितीही चांगलं लागलं तरी झिजलेले दात आणि बसका झालेला चावा त्याने सुधारत नाही. दोन-तीनदा अस्तर लावूनही कवळी पुन्हा सैल होत असेल तर नवीच करावी. वर्षातून एकदा कवळी तपासून घेतली तर फट लहान असतानाच कळते, थर पातळ लागतो आणि तापण्याचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. अस्तर लावल्याची तारीख, मटेरियलचं नाव आणि काही त्रास झाला असेल तर तो, एवढं एका कागदावर लिहून कवळीच्या डबीत ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर बदलले किंवा सोबत येणारं माणूस बदललं, तरी कोणतं मटेरियल चाललं आणि कोणतं झोंबलं हे पुन्हा सोसून शोधावं लागणार नाही.